पाळण्याची खांदेमळणी

आषाढात सिल्लोडच्या काळ्या रानात पाऊल टाकलं की चप्पल चिखलातच राहते. ही कपाशी-मक्याची जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. अशा जमिनीवर पावसाळ्यात उंच रहाटपाळणा उभा केला, तर त्याचा ओळंबा टिकायचा नाही. म्हणून या दिवसांत पाळणे उतरतात आणि ट्रकभर लोखंड पत्र्याच्या शेडखाली येऊन पडतं. बघणाऱ्याला ते भंगार वाटतं. पण पुढच्या हंगामात आपलं लेकरू वरून हसतमुख खाली येणार की नाही, हे या शेडखालीच ठरतं.

विहिरीवरच्या रहाटासारखा फिरतो म्हणून तो रहाटपाळणा. रहाट हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’वरून आला. जॉर्ज फेरिसनं 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात 264 फुटी चाक उभारलं, म्हणून जग त्याला फेरिसचं नाव देतं. ते चाक 1906 मध्ये पाडलं जाईपर्यंत फक्त दोनदा हलवलं गेलं. आपल्याकडचे पाळणे मात्र एकाच हंगामात गावोगाव हिंडतात. नवरात्रात छत्रपती संभाजीनगरचा कर्णपुरा, मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा, फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी अशा यात्रा एकामागून एक येतात. प्रत्येक मुक्कामी सगळा सांगाडा जोडायचा, उसवायचा आणि पुन्हा ट्रकवर चढवायचा. त्यात बोल्टचे आटे झिजतात, भोकं मोठी होतात, पाइपांना पोचे येतात.

याहून घातक झीज डोळ्यांना दिसत नाही. चाक फिरताना प्रत्येक दांडा एका फेऱ्यात ताणला जातो आणि दाबलाही जातो. मिनिटाला सहा फेरे धरले, तर पाच तासांच्या एका संध्याकाळी अठराशे वेळा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच लोखंडही थकतं. एरवी सहज पेलणाऱ्या वजनाखालीही बारीक चीर पडते, बहुतेकदा वेल्डिंगच्या कडेला, आणि वरचा रंग तिला झाकून ठेवतो.

म्हणून नीट काम करणारा फिटर रंगाचा डबा शेवटी उघडतो. आधी जुना रंग आणि गंज घासून काढायचा. बेअरिंग रॉकेल-डिझेलमध्ये धुवायची, हातानं फिरवून खरखर ऐकायची आणि मगच ताजं ग्रीस भरायचं. गिअरबॉक्सचं तेल बदलायचं. त्यात लोखंडाचा चुरा चमकला तर दाते तपासायचे. संशयाच्या सांध्यावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावून थोडा वेळ थांबायचं, ते पुसून पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. झिजलेला बोल्ट आणि एकदा वाकवलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही. शेवटी रेड ऑक्साइड, त्यावर रंग, आणि माणसांच्या वजनाची पोती ठेवून चाचणीचे फेरे.

जुलै 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून पडला आणि दोन जणांचा जीव गेला. असा अपघात झाला की देखभालीची चौकशी सुरू होते. अपघात न झालेल्या हजारो संध्याकाळींचं श्रेय मात्र कोणी कोणाला देत नाही. फिटरचं यश म्हणजे काहीही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. त्यातच पावसाळ्यात तिकिटाचा गल्ला बंद असतो. उत्पन्न नसलेल्या महिन्यांत खर्च कमी करायचा, तर पहिली कात्री याच कामाला लागते. चार बेअरिंग पुढच्या वर्षावर ढकलली जातात, एक कामगार कमी केला जातो. ही बचत नव्हे. पाळण्यात बसणाऱ्यांच्या जिवावर काढलेली ती उसनवारी आहे.

याच पावसाळ्यात आपल्या गावांत पोळा येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढलेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळले जातात. हात फिरता फिरता कुठं सूज आहे, कुठं कातडं सोललंय, हेही कळतं. शेडखालचा फिटर बेअरिंगवरून बोट फिरवतो, तीही खांदेमळणीच आहे. पण पोळ्याला बैल सांभाळणाऱ्या सालदारालाही नवे कपडे देऊन मान देण्याची रीत आहे. पाळणा सांभाळणाऱ्याच्या वाट्याला तसा दिवस नाही.

निदान एवढं तरी करता येईल. तिकीट खिडकीशेजारी दराची पाटी असते, तिच्याखाली आणखी एक पाटी लावावी: पाळण्याची तपासणी कधी झाली आणि ती कोणी केली. लेकराला पाळण्यात बसवणाऱ्या आईला ते नाव वाचता यावं.