शिल्लक आणि अनुदान

महाल परिसरातील वृद्ध माता-भगिनी आम्हांस नेहमी विचारतात, "बँकेत चार पैसे शिल्लक आहेत, मग सरकारी अनुदान मिळेल काय?" या भीतीपोटी कुणी ठेव मोडतात, कुणी घाईने पैसा खर्च करून टाकतात. म्हणून थोडा खुलासा करणे अगत्याचे वाटते.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षे वा अधिक वयाच्या निराधारांसाठी आहे. तीत जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपयांची तरतूद झाली. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसल्यास कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंतच असावे लागते.

म्हणजे मर्यादा उत्पन्नाला आहे, शिल्लकेला नाही. लाखाची ठेव हे उत्पन्न नव्हे. पण ७ टक्क्यांनी तिचे येणारे ७,००० रुपये व्याज हे उत्पन्नच. इतर मिळकत १२,००० असेल, तर बेरीज १९,००० होते व अर्ज करता येतो.

ब्रिटनमधील 'युनिव्हर्सल क्रेडिट' योजनेत शिल्लकच मोजतात. १६,००० पौंडांहून अधिक असल्यास सहसा मदत नाही. आणि मदतीसाठी मुद्दाम खर्चून टाकलेली रक्कमही हातातच आहे असे धरतात. आपल्या योजनेत शिल्लकेची अशी अट नाही.

तेव्हा भीतीने ठेव मोडू नका. दुखण्याखुपण्यात तोच आधार. मात्र व्याज लपवू नका, तहसीलदारांचा दाखला खऱ्या उत्पन्नाचाच घ्या. अनुदानही बँक खात्यातच जमा होते. पासबुक लपविण्याची नव्हे, जपण्याची वस्तू आहे.