पहिल्या फेरीचा मोह
(धावण्याचे शास्त्र आणि शिस्त : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण दमाच्या पायाभरणीचा, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत रस्त्यांवरून व टेकड्यांवरून घ्यावयाच्या सावकाश आणि दीर्घ धावांचा विचार केला. आणि न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड यांनी 800 मीटर धावणाऱ्या पीटर स्नेलसारख्या शिष्याकडूनही आठवड्याला 100 मैलांची मजल कशी करवून घेतली, व त्याच शिष्याने 1960 साली रोमला आणि 1964 साली टोकियोला सुवर्णपदके कशी जिंकली, हा दाखलाही पाहिला. आता मैदाने वाळू लागली आहेत, महाविद्यालयांच्या जिमखान्यांतून फक्कीच्या रेषा आखल्या जात आहेत आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची परिपत्रके सूचनाफलकांवर लागू लागली आहेत. तेव्हा चार महिने खपून मिळवलेला हा दम चार मिनिटांत खर्चावा कसा, हा प्रश्न हाती घेणे क्रमप्राप्त आहे.

कोणत्याही महाविद्यालयीन सामन्यातील 1500 मीटरची शर्यत पाहावी. तिचा वृत्तांत बहुधा ठरलेला असतो. बंदुकीचा बार होताच दहाबारा तरुण, मागे कुणी लागल्याप्रमाणे, पहिल्या वळणाकडे झेपावतात. मंडपातून आपापल्या महाविद्यालयाच्या नावाचा गजर उठतो. आणि ज्याची शर्यतीतील एकूण ऐपत दर फेरीला 67 सेकंदांची आहे, असा मुलगा पहिले 400 मीटर 60 सेकंदांत पार करून सर्वांच्या पुढे, प्रसन्न मुद्रेने धावत असतो. दुसऱ्या फेरीत ती प्रसन्नता मावळते, तिसऱ्या फेरीत खांदे कानांकडे चढू लागतात, आणि अखेरच्या 300 मीटरांत, ज्यांना त्याने आरंभी मागे टाकले होते ते सारे त्याला शांतपणे ओलांडून जातात. याला क्रीडाशिक्षक ‘दम कमी पडला’ असे म्हणतात. माझ्या मते दम पुरेसा होता. तो अवेळी व अवास्तव खर्च झाला, इतकेच.

हा मोह केवळ तारुण्यसुलभ उतावळेपणाचा नाही, त्याचे मूळ शरीरातच आहे. विश्रांत स्नायूंत तात्काळ वापरता येईल अशी अल्पशी रासायनिक शिल्लक असते, तिच्या बळावर पहिले काही सेकंद जवळजवळ विनासायास जातात. आणि श्वसन व रुधिराभिसरण यांना मागणीच्या पातळीला येऊन पोहोचण्यास मिनिटभराचा अवधी लागत असल्याने, त्या अवधीत अतिवेगाची तक्रार छातीकडून येतच नाही. जी तूट पडते तिला ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी प्राणवायूचे ऋण असे नाव दिले, आणि पुढील संशोधनाने त्या कल्पनेत पुष्कळ दुरुस्त्या केल्या असल्या तरी मैदानावरच्या माणसाला ती आजही उपयोगी पडते. कारण हे ऋण घेताना जाणवत नाही, आणि त्याचा तगादा, स्नायूंतील आम्लता वाढून पाय जड होऊ लागले म्हणजेच, दोनतीन फेऱ्यांनी सुरू होतो. 1500 मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या शक्तीपैकी 80 टक्क्यांहून अधिक शक्ती श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूतूनच येते, 800 मीटरमध्येही हे प्रमाण सुमारे 65 टक्के आहे. म्हणून ज्या धावपटूने आरंभीच ऋणाची मर्यादा संपवली त्याला उरलेले अंतर केवळ श्वासाच्या चालू उत्पन्नावर काढावे लागते.

धावपटूची स्वतःची जाणीव या बाबतीत किती अविश्वसनीय असते, याचे उत्तम उदाहरण 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्ड येथील इफ्ली रोडच्या मैदानावर घडले. रॉजर बॅनिस्टर त्या वेळी लंडनमध्ये वैद्यकाचा अभ्यास करीत होते आणि आपल्याच जुन्या विद्यापीठाविरुद्ध धावण्यास आले होते. मैदान त्यांच्या परिचयाचेच होते, इतकेच नव्हे, तर विद्यार्थिदशेत तेथील क्रीडामंडळाचे अध्यक्ष असताना मैलाला तीन फेऱ्या भरणाऱ्या जुन्या पट्ट्याच्या जागी चार फेऱ्यांचा नवा पट्टा व्हावा म्हणून त्यांनीच खटपट केली होती. क्रिस ब्रॅशर आणि क्रिस चॅटवे हे दोघे मित्र वेग राखण्याच्या कामगिरीवर तैनात होते. पहिल्या फेरीच्या मध्यात, पायांत विश्रांतीचा ताजेपणा भरलेला असल्याने, बॅनिस्टर यांना गती फारच मंद वाटली आणि त्यांनी ‘आणखी जोरात’ म्हणून ब्रॅशर यांना ओरडून सांगितले. ब्रॅशर यांनी मात्र तिकडे कानाडोळा करून आपली गती कायम ठेवली, आणि फेरी पुरी झाली तेव्हा घड्याळात 57.5 सेकंद झाले होते, म्हणजे ती मंद नव्हतीच, उलट नियोजनापेक्षा थोडी वेगवान होती. पुढील फेऱ्या 60.7, 62.3 आणि 58.9 सेकंदांच्या झाल्या व एकूण वेळ 3 मिनिटे 59.4 सेकंद भरली, म्हणजे एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत प्रथमच धावले गेले. त्या हाकेसरशी ब्रॅशर यांनी वेग वाढवला असता तर तो दिवस इतिहासात नोंदला गेला असता की नाही, याची मला दाट शंका आहे.

ब्रॅशर यांच्या ठिकाणी ही अचूकता कोठून आली, हे समजण्यासाठी त्या आधीच्या हिवाळ्याकडे वळले पाहिजे. डिसेंबर 1953 पासून या मित्रांचा मुख्य व्यायाम असा, की 440 यार्डांची एक फेरी ठरलेल्या वेळात धावायची, दोन मिनिटे विसावा घ्यायचा, आणि असे दहा वेळा करायचे. आरंभी ही फेरी 66 सेकंदांची होती, महिन्यांगणिक ती 61 वर आली, आणि तेथे अडली. काही केल्या 60 होईना. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर यांनी आणखी नेट लावण्याऐवजी मैदानाकडे पाठ फिरवून स्कॉटलंडात काही दिवस गिर्यारोहण केले, आणि परतल्यावर त्याच दहा फेऱ्या 59 सेकंदांत निघाल्या. आपल्याकडील क्रीडाशिक्षकांनी हा प्रसंग नीट ध्यानात ठेवावा, कारण अडलेल्या मुलाला विश्रांती देणे म्हणजे त्याला आळसाची सनद देणे, अशी समजूत अद्यापि पुष्कळ जिमखान्यांत प्रचलित आहे. तुकड्यातुकड्यांनी धावण्याच्या या पद्धतीचे शास्त्र जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी हृदयरोगतज्ज्ञ राइंडेल यांच्या साहाय्याने बसवले होते, आणि त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 साली मिलान येथे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावून तिची प्रचीती दिली होती. पण हृदय व फुप्फुसे यांच्या संवर्धनाखेरीज तिचा जो दुसरा लाभ, म्हणजे एकाच गतीची शेकडो वेळा पुनरावृत्ती होऊन ती पायांच्या अंगवळणी पडते हा, तोच प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मला अधिक मोलाचा वाटतो.

येथे एक अवांतर, पण हिशेबी गोष्ट. वळणावर आतली कड सोडून एक मीटर बाहेरून धावणाऱ्यास, वळण लहान असो वा मोठे, दर वळणामागे तीन मीटरांहून थोडे अधिक अंतर जास्त पडते. 800 मीटरमध्ये अशी तीन वळणे कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून काढली, तर दोन मिनिटांच्या धावपटूचा जवळजवळ दीड सेकंद निष्कारण जातो. ज्याला पुढे जायचे असेल त्याने सरळ पट्ट्यात जावे, एरवी पुढच्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, आतल्या कडेने राहावे.

सर्व फेऱ्या सारख्याच गतीने धावाव्यात, म्हणजे समगती राखावी, हा नियम असला तरी 800 मीटरची शर्यत त्याला काहीशी अपवाद आहे. तेथे पहिली फेरी दुसरीपेक्षा किंचित वेगवान होणे स्वाभाविक मानले जाते. डेव्हिड रुडिशा याने 2012 साली लंडनला 1 मिनिट 40.91 सेकंदांचा विक्रम केला तेव्हा त्याच्या फेऱ्या 49.28 आणि 51.63 सेकंदांच्या होत्या. आणि आपल्या श्रीराम सिंग यांचे काय, असा प्रश्न जाणकार वाचक विचारतील. 1976 साली माँट्रियलच्या अंतिम शर्यतीत, इलियास बाबर यांच्या तालमीत तयार झालेला हा भारतीय सैनिक पहिली फेरी 51 सेकंदांच्या आत पुरी करीत सर्वांच्या पुढे होता. नंतर क्यूबाचा हुआन्तोरेना त्यांना मागे टाकून 1 मिनिट 43.50 सेकंदांच्या विश्वविक्रमासह विजयी झाला व ते स्वतः सातवे आले. पदकाच्या दृष्टीने ती घाई महागात पडली, असे म्हणणारे आहेत. परंतु त्याच धावेत त्यांनी 1 मिनिट 45.77 सेकंद ही जी वेळ नोंदवली, ती राष्ट्रीय विक्रम म्हणून 2018 पर्यंत, म्हणजे 42 वर्षे, अबाधित राहिली. तेव्हा क्रमांकासाठी धावणे आणि वेळेसाठी धावणे या दोन निराळ्या बाबी आहेत, आणि कोणत्या दिवशी काय साधावयाचे हे शर्यतीपूर्वीच ठरले पाहिजे, एवढे मान्य करून मी त्या धावेला चूक म्हणण्याचे टाळतो.

आता आपल्या सामान्य महाविद्यालयीन धावपटूकडे येऊ. 1500 मीटर 4 मिनिटे 10 सेकंदांत काढण्याची ज्याची पात्रता आहे, त्याने पहिले 300 मीटर 50 सेकंदांत, व त्यानंतर अंतिम रेषा ओलांडताना अनुक्रमे 1 मिनिट 57, 3 मिनिटे 3 आणि शेवटी 4 मिनिटे 10, असा क्रम राखावा. बारीकसारीक सेकंदभराचा फरक गर्दीमुळे पडेल, तो सोसावा, पण पहिले 300 मीटर 46 सेकंदांत झाले तर प्रशिक्षकाने आनंदित होण्याचे कारण नाही. या गतीची ओळख व्हावी म्हणून आठवड्यातून एक दिवस 200 मीटरच्या दहाबारा धावा 33 सेकंदांच्या सुमाराने घ्याव्यात. मात्र मुलाच्या मनगटावर घड्याळ असू नये, आणि रेषेवर उभ्या असलेल्या शिक्षकाने आपल्या घड्याळातील वेळ सांगण्यापूर्वी ‘किती झाले?’ असे त्यालाच विचारून त्याचे उत्तर वहीत खऱ्या वेळेशेजारी टिपून ठेवावे. ही वही सामन्यांचा हंगाम संपेपर्यंत चालू ठेवावी, आणि ज्या मुलाचा अंदाज एका सेकंदाच्या आत येऊ लागेल त्यालाच संघातील इतरांचा वेग राखण्याचे काम द्यावे, मग तो संघातील सर्वांत वेगवान असो वा नसो. पुढील लेखांकी शर्यतीपूर्वीच्या आठवड्यातील आहार व विश्रांती यांचा विचार करू.