२०२० स्टॅन्ली चषक प्लेऑफची रचना

२०२० स्टॅन्ली चषक प्लेऑफ ही उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेच्या २०१९-२० हंगामातील विजेता ठरवणारी अंतिम टप्प्याची स्पर्धा होती. कोविड-१९ महासाथीमुळे नियमित हंगाम अपुरा राहिल्याने या वर्षी नेहमीच्या १६ ऐवजी २४ संघांना प्रवेश देण्यात आला आणि त्यासाठी त्या वर्षापुरती वेगळी रचना आखण्यात आली. १ ऑगस्ट ते २८ सप्टेंबर २०२० या काळात कॅनडातील टोरांटो व एडमंटन या शहरांत प्रेक्षकांविना सामने झाले. अंतिम मालिकेत टँपा बे लाइटनिंगने डॅलस स्टार्सचा ४-२ असा पराभव केला.

पार्श्वभूमी

एनएचएलमध्ये त्या वेळी ३१ संघ होते. प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळत असे. विजयाला २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये झालेल्या पराभवाला १ गुण आणि निर्धारित वेळेतील पराभवाला शून्य गुण मिळतात. चार डिव्हिजनांतील प्रत्येकी पहिले तीन संघ आणि ईस्टर्न व वेस्टर्न या दोन कॉन्फरन्समधील प्रत्येकी दोन अतिरिक्त संघ प्लेऑफला पात्र ठरत.

१२ मार्च २०२० रोजी हंगाम स्थगित करण्यात आला, तेव्हा १,२७१ पैकी १८९ सामने शिल्लक होते. संघांनी खेळलेल्या सामन्यांची संख्याही समान नव्हती. ती ६८ ते ७१ च्या दरम्यान होती. २६ मे रोजी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी नियमित हंगाम संपल्याचे जाहीर करून २४ संघांची योजना मांडली.

लीगच्या इतिहासात हंगामात खंड पडण्याचे प्रसंग यापूर्वीही आले होते. १९१९ ची स्टॅन्ली चषकाची अंतिम मालिका इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अर्धवट सोडावी लागली होती. १९९४-९५ आणि २०१२-१३ मध्ये मालक व खेळाडू यांच्यातील वादामुळे ४८ सामन्यांचे हंगाम झाले, तर २००४-०५ चा हंगाम संपूर्ण रद्द झाला. ४८ सामन्यांच्या हंगामांत मात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच नवे वेळापत्रक ठरले होते. २०२० मध्ये बहुतांश सामने झाल्यानंतर, गुणतक्ता समोर असताना नियम ठरवावे लागले. त्यामुळे प्रत्येक पर्यायाचा लाभ व तोटा कोणत्या संघाला होणार, हे आधीच दिसत होते.

गुणांची टक्केवारी

सामन्यांची संख्या असमान असल्याने क्रमवारीसाठी एकूण गुणांऐवजी गुणांची टक्केवारी, म्हणजे मिळालेल्या गुणांचे मिळू शकणाऱ्या कमाल गुणांशी असलेले प्रमाण, हा निकष स्वीकारण्यात आला. न्यू यॉर्क आयलंडर्सचे ६८ सामन्यांत ८० गुण (०.५८८) होते, तर कोलंबस ब्लू जॅकेट्सचे ७० सामन्यांत ८१ गुण (०.५७९). एकूण गुणांत कोलंबस पुढे होता. टक्केवारीत आयलंडर्स पुढे गेला.

वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये या निकषाचा परिणाम अधिक मोठा होता. एडमंटन ऑइलर्सचे ७१ सामन्यांत ८३ गुण (०.५८५) होते आणि डॅलस स्टार्सचे ६९ सामन्यांत ८२ गुण (०.५९४). चौथे स्थान डॅलसला मिळाल्याने त्याला पात्रता फेरी खेळावी लागली नाही, तर पाचव्या स्थानावरील एडमंटनला ती खेळावी लागली.

टक्केवारीमुळे सामन्यांच्या संख्येतील फरक दूर होतो. प्रतिस्पर्ध्यांची ताकद, घरच्या व बाहेरच्या मैदानावरील सामन्यांचे प्रमाण आणि उरलेले वेळापत्रक यांतील फरक मात्र तिच्यात धरले जात नाहीत.

चोवीस संघांची निवड

ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये कॅरोलिना हरिकेन्स व कोलंबस यांचे प्रत्येकी ८१, आयलंडर्सचे ८०, न्यू यॉर्क रेंजर्सचे ७९ आणि फ्लोरिडा पँथर्सचे ७८ गुण होते. दहाहून अधिक सामने शिल्लक असताना तीन गुणांचे अंतर निर्णायक मानता येत नाही. सोळा संघांवर रेषा ओढली असती, तर पूर्ण हंगामात पात्र ठरण्याची वास्तविक संधी असलेले संघ न खेळताच बाहेर गेले असते. प्रत्येक कॉन्फरन्समधील १२ संघ घेतल्याने हा धोका टळला. त्याच वेळी, एरवी पात्र ठरण्याची शक्यता फारच कमी असलेले माँत्रियाल कॅनेडियन्स (७१ सामन्यांत ७१ गुण) आणि शिकागो ब्लॅकहॉक्स (७० सामन्यांत ७२ गुण) हे संघही आत आले.

स्पर्धेचे स्वरूप

प्रत्येक कॉन्फरन्समधील पहिल्या चार संघांना थेट पहिल्या फेरीत प्रवेश होता. मानांकन ठरवण्यासाठी ते आपसांत प्रत्येकी तीन साखळी सामने खेळले. पाचव्या ते बाराव्या स्थानावरील संघांत पात्रता फेरी झाली: पाचवा विरुद्ध बारावा, सहावा विरुद्ध अकरावा, सातवा विरुद्ध दहावा आणि आठवा विरुद्ध नववा. यातील विजेते पहिल्या फेरीत गेले. त्यापुढील सर्व फेऱ्या नेहमीप्रमाणे सात सामन्यांच्या होत्या. २०१४ पासून वापरात असलेला पूर्वनिश्चित सामनेक्रम बाजूला ठेवून प्रत्येक फेरीनंतर सर्वोच्च मानांकित संघाची गाठ उरलेल्यांपैकी सर्वांत खालच्या मानांकिताशी घालण्यात आली.

पात्रता फेरीत पाचपैकी तीन सामने जिंकणे आवश्यक होते. मालिका जितकी लांब, तितका योगायोगाचा प्रभाव कमी होतो. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धरल्यास तीन सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता सुमारे ५७.५ टक्के, पाच सामन्यांची ५९.३ टक्के आणि सात सामन्यांची ६०.८ टक्के येते. म्हणजेच लांब मालिकाही बलवान संघाला थोडेच संरक्षण देते. तटस्थ मैदानामुळे वरच्या मानांकिताला घरच्या प्रेक्षकांचा लाभही उरला नव्हता.

आक्षेप

खेळाडू संघटनेच्या प्रतिनिधींनी मे महिन्यात २४ संघांच्या स्वरूपाला २९ विरुद्ध २ अशा मतांनी संमती दिली. विरोधातील दोन मते कॅरोलिना व टँपा बे यांच्या प्रतिनिधींची होती. कॅरोलिनाची प्लेऑफमधील जागा जवळपास निश्चित असताना तिला ती पुन्हा मिळवावी लागणार होती. टँपा बेच्या प्रतिनिधीचा आक्षेप वेगळा होता: पात्रता फेरीतून येणारे संघ बाद सामन्यांच्या चुरशीला सरावलेले असतील, थेट प्रवेश मिळालेले मात्र नसतील.

साखळी सामन्यांमुळे आघाडीच्या संघांचेही नुकसान झाले. ७० सामन्यांत १०० गुणांसह लीगमध्ये प्रथम असलेला बॉस्टन ब्रुइन्स तिन्ही सामने हरून चौथ्या मानांकनावर घसरला. वेस्टर्नमधील अव्वल सेंट लुईस ब्लूजचीही तीच गत झाली.

परिणाम

पात्रता फेरीत माँत्रियालने पिट्सबर्ग पेंग्विन्सला आणि शिकागोने एडमंटनला, दोघांनीही ३-१ असे, पराभूत केले. नियमित हंगामात पिट्सबर्ग माँत्रियालपेक्षा १५ गुणांनी पुढे होता. कॅरोलिनाने रेंजर्सवर ३-० असा विजय मिळवला. पुढे माँत्रियाल व शिकागो दोघेही पहिल्याच फेरीत बाद झाले. योजनेला विरोध करणारा टँपा बे विजेता ठरला, तर एका गुणाने मागे असूनही टक्केवारीमुळे पुढे सरकलेला डॅलस उपविजेता झाला.

रचनेचा परिणाम नवोदित खेळाडूंच्या निवडीवर, म्हणजे ड्राफ्टवरही झाला. दुर्बल संघांना सावरता यावे यासाठी तळाच्या संघांना सोडतीत अधिक संधी दिली जाते. २६ जूनच्या सोडतीत पहिली निवड पात्रता फेरीत हरणाऱ्या, तोवर अनिश्चित असलेल्या एका संघाच्या वाट्याला आली. १० ऑगस्ट रोजी पराभूत आठ संघांत प्रत्येकी १२.५ टक्के संधीने दुसरी सोडत झाली आणि ७९ गुण मिळवलेल्या रेंजर्सना पहिली निवड मिळाली. त्यांनी अलेक्सी लाफ्रेनिएर याची निवड केली. ७१ सामन्यांत अवघे ३९ गुण मिळवून तळाला राहिलेल्या डेट्रॉईट रेड विंग्जला चौथ्या निवडीवर समाधान मानावे लागले.

सीमारेषेवरील संघांना संधी देण्याचा भार अशा प्रकारे पाचव्या ते आठव्या स्थानावरील संघांवर आणि काही अंशी तळाच्या संघांवर पडला. २०२०-२१ चा हंगाम ५६ सामन्यांचा झाला. त्यात प्रत्येक डिव्हिजनमधील पहिले चार, असे १६ संघ प्लेऑफला पात्र ठरले आणि पात्रता फेरी ठेवण्यात आली नाही.