क्षणाचा हिशेब

“एका क्षणात होत्याचे नव्हते झाले,” असे आपण सहज बोलून जातो. पण क्षण म्हणजे नेमका किती वेळ? पुलगावात हा प्रश्न केवळ शाळेच्या गणिताचा राहत नाही. देशातील मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक येथे आहे. अनेक घरांतील माणसे डेपोच्या किंवा त्याच्या आजूबाजूच्या कामांवर जातात. तेव्हा आज मुलांना जवळ बसवून, कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब घरीच करून पाहू या.

पायऱ्या वरच्या आणि खालच्या

सेकंदापासून वर जाताना पायऱ्या ओळखीच्या आहेत. साठ सेकंदांचे मिनिट, साठ मिनिटांचा तास, चोवीस तासांचा दिवस. एका दिवसात ८६,४०० सेकंद होतात आणि ३६५ दिवसांच्या वर्षात ३,१५,३६,००० सेकंद. खाली उतरताना मात्र प्रत्येक पायरी हजाराची आहे. सेकंदाचा हजारावा भाग मिलिसेकंद, दहालाखावा भाग मायक्रोसेकंद आणि शंभर कोटीवा भाग नॅनोसेकंद.

आकडे ऐकून मुले घाबरतात. त्यांना पुलगाव स्टेशनचे उदाहरण द्यावे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धडधडत जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. मिलिसेकंदात ती जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीइतकी सरकते. मायक्रोसेकंदात ती केसाच्या जाडीइतकीही हलत नाही. एवढ्या वेळापुरती भरधाव गाडी उभीच आहे म्हणाना!

जुन्या ग्रंथातील क्षण

आपल्या पूर्वसूरींनीही हा हिशेब मांडला होता. वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोश’ या ग्रंथात काळाची मापे दिली आहेत. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांची एक अहोरात्र. यांचा गुणाकार केला की दिवस-रात्रीत ६४,८०,००० क्षण येतात. ८६,४०० सेकंदांना या संख्येने भागा. उत्तर येते, एक क्षण म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, सुमारे तेरा मिलिसेकंद. घड्याळात सेकंदकाटाही नसलेल्या काळी विचारवंत वेळेचे इतके बारीक भाग पाडत होते, हे मुलांना जरूर सांगावे.

डेपोच्या गावात

आता हाच हिशेब गावाकडे आणू. टी.एन.टी. या स्फोटकात स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने धावते. दहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेतला, तर तो साधारण साडेचौदा मायक्रोसेकंदांत संपतो. वर काढलेल्या क्षणाचा तो नऊशेवा भागही नाही. आणि माणूस? आवाज कानी पडल्यापासून जाणीवपूर्वक हालचाल करेपर्यंत सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे दोन लाख मायक्रोसेकंद जातात.

हे नीट कळावे म्हणून वेळ ताणून पाहू. प्रत्येक मायक्रोसेकंदाला एक पूर्ण सेकंद धरा. मग स्फोटकाचा तुकडा साडेचौदा सेकंदांत संपेल, आणि शेजारी उभा असलेला माणूस हलेल तो दोन दिवस साडेसात तासांनी! “मी चपळ आहे, पटकन बाजूला होईन,” असे म्हणणाऱ्याने हे दोन दिवस लक्षात ठेवावेत. इथे चपळाईचा उपयोग नाही. धाडसाचाही नाही.

पुलगावाने याची किंमत मोजली आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर भांडारात आग लागून स्फोट झाले. त्यात दोन लष्करी अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी प्राणास मुकले. जवळच्या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडून निघावे लागले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) जवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या गावांतील रोजंदारीचे मजूर होते.

जुना दारूगोळा नष्ट का करावा लागतो? कारण त्यालाही वय असते. उष्णतेने, दमटपणाने तो वर्षानुवर्षे हळूहळू बिघडत जातो. दहा वर्षे म्हणजे ३१ कोटींहून जास्त सेकंद. बिघाड होतो तो वर्षांच्या मापाने, आणि घात होतो तो मायक्रोसेकंदाच्या मापाने.

मोठा काळ हातात मावतो

लहान वेळ ताणता येतो, तसा मोठा काळ आवळताही येतो. एका वर्षाला एक सेकंद धरा. सत्तर वर्षांचे आयुष्य सव्वा मिनिटाच्या आत संपते. तथागतांचा काळ साधारण चाळीस मिनिटांपूर्वीचा ठरतो. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीखालचा दख्खनचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे. या मापाने तो दोन वर्षे एक महिन्यापूर्वीचा होतो.

आणखी एक गंमत. शंभर कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३१ वर्षे ८ महिने. कामगाराची जवळजवळ सगळी नोकरी त्यात येते. नोकरीच्या एवढ्या वर्षांपुढे एक सेकंद जितका लहान, तितकाच सेकंदापुढे नॅनोसेकंद लहान.

मग आपल्या हाती काय?

तो मायक्रोसेकंद आपल्या हाती नाही. त्याच्या आधीचे तास आणि दिवस मात्र आपल्या हाती आहेत. शिकवणीचे तास, सुरक्षित अंतर, कामाच्या जागी गरजेपुरतीच माणसे, या सगळ्या गोष्टी आधीच ठरवायच्या असतात.

अंतर म्हणजेच वेळ, हेही ध्यानात घ्यावे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटरवर तो तीन सेकंदांनी पोचतो. मोठा लखलखाट दिसला, तर पाहायला खिडकीशी धावू नये. काचांपासून दूर होऊन खाली झोपावे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली. उजेड दिसल्यावर दोनेक मिनिटांनी धक्का आला. जे हजाराहून जास्त लोक जखमी झाले, त्यांतील बहुतेक फुटलेल्या काचांनी. शेतात, नाल्यात ओळखीचा नसलेला धातूचा तुकडा दिसला, तर मुलांनी त्याला हात लावू नये, भंगार म्हणून घरी तर मुळीच आणू नये. पोलिसांना कळवावे.

आणि घरातले कोणी अशा कामावर रोजंदारीने जात असेल, तर संध्याकाळी जेवताना त्यांना विचारा: काम सुरू करण्याआधी किती तास शिकवले? पेटी कशी धरायची, हे कोणी दाखवले? किती अंतरावर उभे केले? उत्तर समाधानाचे नसेल, तर दुसऱ्या दिवशी चार मजुरांनी मिळून हेच प्रश्न कंत्राटदाराला विचारावेत. विचारायला पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटे म्हणजे तीस कोटी मायक्रोसेकंद. तेवढा वेळ आपल्यापाशी नक्कीच आहे.