सहा महिने दांडी, तर पद रिकामे

कायदा : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 40 नुसार पंचायतीच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व संपते. परवानगीविना चार महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहणाऱ्यालाही हे कलम लागू होते.

पळवाट : अट ‘सलग’ गैरहजेरीची आहे. पाच मासिक सभा बुडवून सहावीला हजर राहिले, की मोजणी पुन्हा शून्यापासून. सही करून चहा होताच निघून गेलेला सदस्यही कागदोपत्री हजरच.

इंग्लंडमध्ये : 1972 च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम 85 मध्येही सहा महिन्यांचीच मुदत आहे. ती संपण्याआधी परिषदेने कारण मंजूर केले नाही, तर नगरसेवकाची जागा रिकामी होते. समितीच्या बैठकीतील हजेरीही तिथे धरली जाते.

मुंबईत : ‘प्रजा फाउंडेशन’ ही संस्था नगरसेवकांच्या कामाचे प्रगतिपुस्तक काढत आली आहे. त्यात हजेरीबरोबर विचारलेले प्रश्नही मोजले जातात. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला आणि त्यानंतर काही वर्षे हजेरी घ्यायला सभागृहच नव्हते.

मतदाराने काय करावे : माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. हजेरीपत्रक आणि सभेचे इतिवृत्त, दोन्ही मागावे. पहिल्यात सही दिसते. आपल्या वॉर्डाचा नळ, गटार, दिवाबत्ती यांवर सदस्य काही बोलला का, ते दुसऱ्यात कळते. उत्तराची मुदत 30 दिवस.