जुन्या पिस्तुलाची नवी मूठ

आजोबांच्या काळातलं परवान्याचं .32 पिस्तूल, वेब्ली अँड स्कॉटचं किंवा कोल्टचं, वऱ्हाडातल्या एखाद्या घरात अजून असतं. पोलाद टिकतं, आधी दगा देतात त्या मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, म्हणजे ग्रिप. त्या बहुधा कडक रबराच्या असतात. उजेडाने त्या तपकिरी पडतात, ठिसूळ होतात. अकोल्याचा 45 अंशांचा उन्हाळा तर त्यांचा वैरीच!

नवी जोडी शोधताना फक्त 'बत्तीस बोअर' सांगून भागत नाही. कंपनी, मॉडेल, स्क्रूच्या छिद्रांची जागा आणि पट्टीच्या आतल्या बाजूच्या खाचा जुळायला हव्यात. तुटकी पट्टी फेकू नका. तोच नवीचा नमुना. तयार जोडी न मिळाल्यास शिसवाची किंवा अक्रोडाची घडवता येते. आतून जाड राहिली, तर मात्र यंत्रणा अडकते.

1959च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही 'शस्त्र' या व्याख्येत येतात आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून अमरावती असो वा अकोला, काम ओळखीच्या सुताराकडे नव्हे, परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावं. पिस्तूल रिकामं करून, परवाना सोबत घेऊन.