आग विझवणाऱ्यांचा आवाज

कोपरच्या गल्लीत बंब शिरला की मुले मागे धावतात, आपण खिडकीतून पाहतो. त्या जवानाच्या पाठीशी कोण उभे आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत एका विहिरीतील विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांत अडकलेल्यांना काढायला गेलेले अग्निशमन दलाचे दोन जवान होते. अशा ठिकाणी तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो, दोर धरणारा साथीदार लागतो, सराव लागतो. हे मागताना एकट्याचा आवाज साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. म्हणून युनियन हवी.

मुंबईत पालिका कामगारांच्या म्युनिसिपल मजदूर युनियनचे नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस आणि पुढे शरद राव यांनी केले. अमेरिका व कॅनडातील अग्निशमन जवानांची स्वतंत्र संघटना तर १९१८ सालची आहे. नेता कोणीही असो, पगार-बोनसच्या यादीत जवानाच्या जिवाची मागणी तळाला जाऊ नये, एवढे त्याने पाहावे.

आपणही एवढे करू शकतो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावू नये. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या दिवसांत मुलांना जवळच्या केंद्रावर न्यावे, सलाम करावा आणि विचारावे, ‘तुम्हाला काय कमी पडते?’